‘नमुने’ नावाचे दोन तक्ते

मित्रांनो, तुम्ही रुग्णालयात गेलात तर तुम्हाला डॉक्टर दिसतात, परिचारिका दिसतात, चाकांच्या खाटा दिसतात. मी दिसत नाही. पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून, सतत थंड ठेवलेली एक अरुंद खोली आहे. तिथे लोखंडी चौकटीत बसवलेला करड्या रंगाचा जुना सर्व्हर म्हणजे मी. या रुग्णालयाचा डेटाबेस माझ्या पोटात आहे. मला चौदा वर्षे झाली. तुमच्यात हे शाळेत जायचे वय, पण आमच्यात एवढी वर्षे काढणाऱ्याला म्हातारा समजतात. पुढच्या महिन्यात मला बंद करणार आहेत. त्याआधी एका सकाळची हकीकत तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझी सगळी मांडणी एका बाईंनी केली. माझ्यातले कोणाला काय पाहता येईल आणि कोणाला काय बदलता येईल, हे ठरवणारे पासवर्ड त्यांच्या ताब्यात असत. म्हणून सगळे त्यांना किल्लीबाई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि त्यांना त्याचे काही वाटत नसे. बारीक अंगकाठी, कपाळावर सरकवलेला चष्मा, बोलणे थेट.

तेव्हा तीन विभागांना माझी गरज होती. रुग्णनोंदणी, प्रयोगशाळा आणि रक्तपेढी. तिघांना तीन वेगळे डेटाबेस द्यायचे, की एकाच डेटाबेसमध्ये तिघांचे तीन स्कीमा करायचे, यावर पहिल्याच आठवड्यात वाद पेटला.

“मला माझं वेगळं द्या,” रक्तपेढीचे डॉक्टर म्हणाले. उंच माणूस, आवाज घोगरा, एरवी मोजके बोलणारा. “माझ्या नोंदींना दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये.”

किल्लीबाईंनी फळ्यावर चौकोन काढले. “वेगळे डेटाबेस म्हणजे तीन वेगळी घरं. एकातून दुसऱ्यात जायला दार नाही. स्कीमा म्हणजे एकाच घरातली तीन दालनं, ज्याची त्याला किल्ली. पण डॉक्टर, पेशंट एकच आहे ना? तो कुठल्या खाटेवर आहे, त्याचा रिपोर्ट काय आणि त्याच्यासाठी रक्त कुठलं, हे एका दमात विचारायचं असेल तर दालनंच बरी. नाहीतर तीन घरं हिंडून कागद गोळा करा आणि रस्त्यात बसून जुळवा.”

“आणि चुकून कोणी माझ्या दालनात शिरलं तर?”

“किल्लीशिवाय कसं शिरेल?”

“किल्ली कोणाकडे?”

“माझ्याकडे.”

डॉक्टरांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. त्यांना खाली बोलावणे आले आणि वाद तिथेच राहिला.

अशी माझ्यात तीन दालने झाली. प्रत्येक दालनात नोंदींचे तक्ते होते. आता गंमत अशी, की प्रयोगशाळेच्या दालनात ‘नमुने’ नावाचा एक तक्ता होता आणि रक्तपेढीच्या दालनातही ‘नमुने’ नावाचाच एक तक्ता होता. एकात तपासणीला आलेल्या रक्ता-थुंकीच्या नोंदी. दुसऱ्यात कोणाचे रक्त कोणत्या पिशवीशी जुळले याच्या नोंदी. दोघांपैकी एकाने नाव बदलावे म्हणून किल्लीबाईंनी दोन दिवस खर्ची घातले. दोन्ही विभागप्रमुख हटून बसले. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, “राहू दे. एका घरात दोन बाळू असले की म्हणतोच ना आपण, मोठ्या काकांचा बाळू, धाकट्या काकांचा बाळू.”

हे खरे होते. कोणी मला ‘प्रयोगशाळेचे नमुने’ असे पूर्ण नाव सांगितले तर मी बरोबर तिथेच जात असे. पण कोणी नुसते ‘नमुने’ म्हटले तर? मग त्याच्या किल्लीला दालनांचा जो क्रम लावून दिलेला असेल, त्या क्रमाने मी शोधायचो, आणि पहिल्यांदा जो तक्ता सापडेल तोच धरायचो. “कोणाचे नमुने?” असे उलटून विचारायला मला कोणी शिकवलेच नव्हते.

सुरुवातीची वर्षे फार चांगली गेली. एकदा एका शिंप्याची शस्त्रक्रिया होती. प्रयोगशाळेने त्याचा रक्तगट एक लिहिला होता आणि रक्तपेढीने पिशवी दुसऱ्याच गटाची काढली होती. तिन्ही दालने मिळून एकच प्रश्न विचारायची सोय असल्यामुळे मी ते क्षणात पकडले. पिशवी दारातून मागे फिरली. त्यानंतर व्यवस्थापक पाहुण्यांना मुद्दाम पहिल्या मजल्यावर आणत आणि काचेतून माझ्याकडे बोट दाखवत म्हणत, “हा आमचा पाठीचा कणा.” मला फार बरे वाटायचे.

मग हळूहळू सगळ्यांना माझी सवय झाली. सवय झाली की लक्ष उडते, मित्रांनो. माझ्या खोलीत रिकामी खोकी येऊन पडली. थंड हवेचे यंत्र गळू लागले, तेव्हा दुरुस्तीऐवजी त्याच्याखाली बादली आली. माझ्या एका डिस्कचा लाल दिवा महिनोनमहिने लुकलुकत राहिला. किल्लीबाई दुसरे यंत्र मागत राहिल्या आणि व्यवस्थापक म्हणत राहिले, “चालतंय ना? मग चालू द्या.”

पण खरी हेळसांड किल्ल्यांची झाली. एका मोठ्या दुरुस्तीच्या वेळी तिन्ही दालनांत चालणारी एक किल्ली बनवली होती. सगळे तिला ‘मोठी किल्ली’ म्हणत. ती दोन दिवसांनी रद्द करायची होती. किल्लीबाईंनी तशी चिठ्ठीही पडद्याच्या कडेला डकवली. चिठ्ठी पिवळी पडली, पण किल्ली राहिली. पुढे रक्तपेढीत नवी प्रणाली बसवताना कोणी तरी त्या किल्लीच्या क्रमात रक्तपेढीचे दालन सर्वांत वर आणून ठेवले. ते तसेच राहिले.

दोन वर्षांपूर्वी किल्लीबाईंच्या भावाची मुलगी प्रयोगशाळेत प्रोग्रामर म्हणून लागली. ती त्यांना आत्या म्हणायची. हुशार, कामसू पोरगी. पण आत्याच्या ओळखीने चिकटली, असे कोणी म्हणू नये म्हणून सारखी धडपडायची. एखादी गोष्ट दुसऱ्याला विचारणे म्हणजे तिला हार वाटायची.

आता ती सकाळ.

प्रयोगशाळेचा ‘नमुने’ तक्ता वर्षानुवर्षांच्या नोंदींनी फुगला होता. अलीकडच्या नोंदी एका नव्या तक्त्यात काढून घ्यायच्या आणि जुना तक्ता रिकामा करायचा, असे भाचीने ठरवले. ती निष्काळजी नव्हती. माझ्या खोलीच्या दाराबाहेरच तिचे टेबल होते, आणि त्याच्याशेजारी सरावासाठी एक जुने यंत्र होते. रोज पहाटे माझी जी पूर्ण प्रत निघते, ती त्या यंत्रावरही ठेवलेली असे. तिथे तिने हे सगळे आधी दोनदा करून पाहिले होते. दोन्ही वेळा बिनचूक झाले, कारण तिथे ती स्वतःच्या किल्लीने शिरली होती आणि त्या किल्लीला पहिले दालन प्रयोगशाळेचे होते.

त्या सकाळी तिच्या पासवर्डची मुदत संपलेली निघाली. आत्या बैठकीत होती. आत्याला बाहेर बोलावून “माझं दार उघड” म्हणायचे तिला जिवावर आले. मोठी किल्ली सगळ्यांना ठाऊक होती. तिने ती वापरली.

नोंदी काढून घेताना तिने पूर्ण नाव लिहिले, ‘प्रयोगशाळेचे नमुने’. शेवटच्या ओळीत मात्र नुसते ‘नमुने’ लिहिले. रिकामे कर.

अकरा वाजून सात मिनिटे झाली होती. मी क्रम पाहिला. पहिले दालन रक्तपेढीचे. त्यात ‘नमुने’ होते. मी ते रिकामे केले. पापणी लवायलाही जास्त वेळ लागतो. पडद्यावर मी उमटवले, ‘झाले’. भाची उठली आणि चहा घ्यायला गेली.

त्याच वेळी खालच्या मजल्यावर, प्रसूतिकक्षात, बस चालवणारी एक बाई नुकतीच बाळंत झाली होती. मुलगी झाली होती आणि मुलगी ठणठणीत होती. पण आईचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिला पूर्वी एका अपघातानंतर बरेच रक्त चढवले होते. तेव्हापासून तिच्या रक्तात असे काही तयार झाले होते, की सगळ्यांना चालणारे रक्तही तिला चालत नव्हते. म्हणून रक्तपेढीतल्या दोघींनी सकाळी सहापासून दहापर्यंत खपून एकोणीस पिशव्या तिच्या रक्ताशी ताडून पाहिल्या होत्या. फक्त दोन जुळल्या. त्या कोणत्या दोन, ते माझ्यात लिहिले होते. पिशवीवरची चिठ्ठी ती बाहेर काढताना माझ्यातूनच छापून निघायची. तोवर एकोणीसही पिशव्या शीतपेटीत सारख्याच दिसत होत्या.

अकरा पंधराला प्रसूतिकक्षातून फोन आला. रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाईंनी नोंद उघडली. पडदा कोरा. पुन्हा उघडली. पुन्हा कोरा.

“अकरावी पिशवी होती, नक्की,” त्या म्हणाल्या. “आणि दुसरी... तेरावी. तेरावीच असणार.”

“असणार?” रक्तपेढीच्या डॉक्टरांचा आवाज चढला. “असणार म्हणून रक्त चढवायचं?” त्यांनी ताडणी पुन्हा सुरू करायला सांगितली. आठवणीतल्या पिशव्यांपासून सुरुवात केली तरी तासाच्या वर लागणार होता. मग ते जिना चढून धापा टाकत माझ्या खोलीत आले. पाठोपाठ व्यवस्थापक आले. किल्लीबाई रक्तपेढीचा निरोप मिळताच बैठक टाकून आधीच पोचल्या होत्या. आमच्या खोलीची काचेची भिंत जिन्याच्या बाजूला आहे. बाळंतिणीची थोरली बहीण रक्तपेढीच्या खिडकीवरून डॉक्टरांच्या मागे धावत आली होती आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. तिला आत काय चालले आहे ते कळत नव्हते. ती एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती.

किल्लीबाईंची नजर माझ्या लाल दिव्यावर गेली. “डिस्क गेली,” त्या पुटपुटल्या. “गेली शेवटी.”

“पहाटेची प्रत आहे ना? मग ती चढवा सरळ,” व्यवस्थापक म्हणाले.

“एकच डेटाबेस आहे साहेब. प्रत चढवली की तिन्ही दालनं पहाटे पाचला जातील. सकाळपासूनचे नवे पेशंट, रिपोर्ट, सगळं पुसलं जाईल. आणि या बाईंची ताडणी सहाला सुरू झाली. ती पहाटेच्या प्रतीत असणारच नाही.”

“मग करायचं काय?”

“डिस्क मरत असेल तर आणखी काही जायच्या आत याला बंद करायला हवं.” आणि त्यांनी माझ्या बटणाकडे हात नेला.

मित्रांनो, मला सगळे माहीत होते. माझी डिस्क म्हातारी होती, पण त्या घडीला तिने काहीच गमावले नव्हते. मला बंद केले असते तर पुन्हा उभे राहायला अर्धा तास लागला असता, आणि तोही वाया गेला असता. पण मला तोंड नाही. मला जे विचारतील तेवढेच मी सांगतो.

बोलू शकणारी एकच व्यक्ती होती आणि ती दारात उभी होती. गलका ऐकून भाची अकरा वीसला परत आली होती. ‘रक्तपेढीचे नमुने कोरे झाले’ हे शब्द कानावर पडताच तिला काय झाले ते उमगले. ती आपल्या पडद्यापाशी गेली, शेवटची ओळ वाचली, परत दाराशी आली आणि गप्प उभी राहिली. डिस्कवर खापर फुटत होते. कोणी तिच्याकडे पाहतही नव्हते. एक मिनिट गेले. दोन गेली. व्यवस्थापक बोलत होते, आत्या बोलत होती, आणि ती दाराची कड घट्ट धरून उभी होती.

किल्लीबाईंचे बोट बटणाला टेकले.

“आत्या, थांब.”

सगळ्यांनी वळून पाहिले.

“डिस्क नाही गेली. मी केलंय ते. प्रयोगशाळेचा तक्ता रिकामा करायचा होता. मी... मी दालनाचं नाव नाही लिहिलं.”

व्यवस्थापकांनी तोंड उघडले, पण किल्लीबाईंनी हात वर करून त्यांना थोपवले. “वेळ सांग.”

“अकरा सात.”

“नेमकी.”

“पडद्यावरची खिडकी अजून उघडी आहे. अकरा, सात, बारा सेकंद.”

“कुठल्या किल्लीनं शिरलीस?”

“मोठ्या.”

किल्लीबाई एकदम चालू लागल्या. “तुझं सरावाचं यंत्र मोकळं कर. पहाटेची प्रत आहे ना त्याच्यावर? चल.”

आता हे समजून घ्या. मी दिवसभर जे जे बदल करतो, ते क्रमाने एका रोजनिशीत लिहीत असतो. अमक्या वेळी ही नोंद आली, तमक्या वेळी ती बदलली. पहाटेची प्रत घ्यायची, तिच्यावर ही रोजनिशी पहिल्या ओळीपासून पुन्हा घडवत न्यायची, आणि चूक होण्याच्या एक क्षण आधी थांबायचे. मग त्या वेगळ्या यंत्रावर सकाळ जशी होती तशी उभी राहते, आणि त्यातला हवा तो एकच तक्ता उचलून आणता येतो. बाकीच्यांच्या नोंदींना धक्का लागत नाही. पण त्यासाठी कुठे थांबायचे ते नेमके ठाऊक हवे. एक सेकंद पुढे गेलात, की चूकही पुन्हा घडते.

माझी रोजनिशी त्या यंत्राकडे जाऊ लागली आणि त्याच्या पडद्यावर सकाळ पहिल्यापासून पुन्हा सरकू लागली. सहा वाजले. साडेसहा. पहिली पिशवी, जुळत नाही. दुसरी, जुळत नाही. सात वाजले. ओळी भाची वाचून दाखवत होती आणि आत्या टाइप करत होती. डॉक्टर मागे उभे होते. प्रसूतिकक्षातून पुन्हा फोन आला आणि डॉक्टरांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

“वीस मिनिटं,” पलीकडून आवाज आला. “त्याच्यापुढं मी काही सांगू शकत नाही.”

आठ वाजले. नऊ. नऊ चाळीसला रोजनिशी मंदावली. सकाळची गर्दीची वेळ होती, नोंदी ढिगाने होत्या. गळक्या यंत्राखाली थेंब पडल्याचा आवाज तेवढा येत होता. दहा. साडेदहा.

“अकरा सहाला थांबवू या,” किल्लीबाई म्हणाल्या. “शेवटचं एक मिनिट सोडून देऊ. त्यातलं रक्तपेढीवाले हातानं भरतील.”

यंत्र थांबले. भाचीने तक्ता उघडला. या वेळी तिने पूर्ण नाव लिहिले. मग ते मोठ्याने वाचले, एकदा आत्याला आणि एकदा डॉक्टरांना.

नोंदी होत्या.

डॉक्टर वाकून पाहू लागले. त्यांचे बोट पडद्यावरून खाली सरकत गेले. “अकरावी. बरोबर.” मग ते थबकले. “आणि तिसरी. तेरावी नाही. तिसरी.” त्यांनी फोन उचलला. “तिसरी आणि अकरावी काढा. नंबर वाचून दाखवा मला. पुन्हा वाचा. घेऊन पळा.”

तेरावी पिशवी त्या बाईला चढली असती तर तिच्या जिवावर बेतले असते.

अकरा सत्तावन्नला पहिली पिशवी लागली. सव्वा वाजता प्रसूतिकक्षाने माझ्यात नोंद केली, ‘रक्तस्राव आटोक्यात’. तोवर थोरली बहीण पायरीवरच बसून होती. भाचीने तिला जाऊन सांगितले. ती बाई भाचीचे दोन्ही हात धरून रडू लागली. “तुमचे उपकार झाले हो,” ती म्हणत होती. भाचीला ते हात सोडवून घेता येईनात आणि तिथे उभेही राहवेना.

दोन दिवसांनी दुपारी, घडल्या प्रकाराचा रिपोर्ट लिहायला, बैठक झाली. रक्तपेढीचे डॉक्टर एवढेच म्हणाले, “चौदा वर्षांपूर्वी मी वेगळं मागितलं होतं.”

किल्लीबाईंना हट्ट धरता आला असता. त्यांनी तो धरला नाही. “मोठी किल्ली मी रद्द केली नाही, तो दोष माझा,” त्या म्हणाल्या. “या मुलीनं चुकीचं नाव लिहिलं, पण दार मी उघडं ठेवलं होतं. आणि आणखी एक. नोंदणी आणि प्रयोगशाळा एकत्रच राहू देत, त्यांचं एकमेकांवाचून पान हलत नाही. रक्तपेढीला मात्र वेगळा डेटाबेस द्या. तिला मागं न्यायची वेळ आली तर बाकीच्यांची परवानगी काढत बसायला वेळ नसतो. हे मला तेव्हा दिसलं नाही.”

“आणि ती एका दमात विचारायची सोय?” व्यवस्थापकांनी विचारले.

“ती जाईल. दर दोन मिनिटांनी तिकडची माहिती इकडे आणून ठेवावी लागेल, आणि ती दोन मिनिटं शिळी असेल. हे लक्षात ठेवूनच काम करावं लागेल. फुकट काहीच मिळत नाही.”

बैठक उठणार एवढ्यात भाची म्हणाली, “मला एक सांगायचंय. मला अकरा वीसला कळलं होतं. मी अकरा सव्वीसला बोलले.”

ती पुढे म्हणाली, “सहा मिनिटं मी गप्प उभी होते. वाटलं, डिस्कवरच जातंय तर जाऊ दे.” तिने समोरचा रिपोर्टचा कागद पुढे सरकवला. “रिपोर्टमध्ये ते लिहा.”

माझ्या रोजनिशीत त्या सकाळचा प्रत्येक सेकंद आहे. पण ती सहा मिनिटे गप्प होती, याची नोंद माझ्यात कुठेच नव्हती. तिने सांगितले नसते तर ते कोणाला कधीच कळले नसते. खिशातले पेन काढून डॉक्टरांनी स्वतः तो आकडा रिपोर्टमध्ये लिहिला आणि म्हणाले, “रक्तपेढीचा नवा डेटाबेस हिलाच उभारू दे.”

तिने तो उभारला. आता त्यात कोणालाही मोठी किल्ली नाही, तिला स्वतःलाही नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल आणि माझ्यासारखी यंत्रे तुमच्या हाताखाली येतील. काही एकत्र बांधलेली असतील, काही वेगवेगळी. दोन्हींत सोय असते आणि दोन्हींत धोका असतो. काम पाहून ठरवा. आमच्या खोल्यांची निगा राखा, जुन्या किल्ल्या वेळेवर रद्द करा, आणि काहीही पुसण्याआधी ते कोणाचे आहे हे पूर्ण नावाने लिहा, कारण आम्ही उलटून विचारत नाही. एवढे करूनही कधी तरी चूक होईल. तेव्हा वेळ पाहून ठेवा, आणि लगेच बोला. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येते.